हेडलाइट पुन्हा पुन्हा मंद पडतोय? नवा बल्ब आणण्याआधी होल्डरवर मीटर लावा

नवा बल्ब टाकला, दोन-चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा रस्ता पिवळट, अंधुक. मग कुणीतरी सांगतं, "जरा जास्त वॅटचा टाका." तो टाकला की काही दिवसांत होल्डर वितळतो. वापरून जुन्या झालेल्या हॅचबॅक गाड्यांचं हे दुखणं गॅरेजवाल्यांना तोंडपाठ आहे. यात बल्बाचा दोष क्वचितच असतो. एक तर बल्बापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत, नाहीतर बल्बातून निघालेला उजेड काचेपलीकडे जात नाही. दोन्हींतलं नेमकं काय, हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने अर्ध्या-पाऊण तासात कळतं.

खाली लिहिलंय ते १२ व्होल्टच्या, एच-४ हॅलोजन बल्बच्या गाड्यांसाठी. एकाच बल्बात अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा, खाली वळवलेला उजेड), ६०/५५ वॅट, मागे तीन पाती. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाड्यांना यातला काचेचा आणि अर्थिंगचा (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनसचा) भाग लागू पडतो, बाकीचा नाही.

थोडे व्होल्ट गेले तर एवढं काय बिघडतं?

बरंच बिघडतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. एच-४ चा ठरलेला उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात: अप्परला सुमारे १६५० ल्यूमेन, डिपरला १०००. त्या उजेडाला १०० धरलं तर १२.५ व्होल्टवर साधारण ८३ उरतो, १२ वर ७२, ११.५ वर ६३ आणि ११ वर जेमतेम ५४. म्हणजे वायरिंगमध्ये दीड-दोन व्होल्ट गळाले की उजेड निम्म्याकडे येतो, आणि जो येतो तोही पिवळा. शिवाय फिलामेंट पुरेसं तापलं नाही की बल्बातलं हॅलोजनचं चक्र, म्हणजे उडालेलं टंगस्टन फिलामेंटवर परत आणण्याची क्रिया, नीट चालत नाही. टंगस्टन काचेवर आतून बसून बल्ब काळवंडू शकतो.

गळालेले व्होल्ट हवेत जात नाहीत. डिपरचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो. एखाद्या सैल पिनेवर १ व्होल्ट गळत असेल तर त्या इवल्याशा टोकावर ५ वॅट उष्णता सतत निघते. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग मऊ होतं. पिनेची पकड आणखी सुटते आणि गळती वाढते. अशा होल्डरवर १००/९० वॅटचा बल्ब लावला तर करंट वाढतो आणि पिनेवरची उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे अडीचपटीहून जास्त होते.

आधी बोनेट न उघडता

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि हेडलाइट लावा.

दोन्ही बाजू सारख्याच मंद आहेत का? तसं असेल तर दोष दोघांच्या सामाईक भागात: बॅटरी, अल्टरनेटर (ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनामो म्हणतात), मुख्य फ्यूज, कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळची दिव्यांची दांडी) किंवा दोन्ही काचा. एकच बाजू मंद असेल तर त्या बाजूचा होल्डर, अर्थिंग, बल्ब किंवा काच. डिपर मंद पण अप्पर झकास असेल तर अर्थिंग बहुधा ठीक आहे, कारण दोन्ही फिलामेंटची कॉमन वायर एकच असते.

आता अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून बघा. रेस केल्यावर उजेड ठळकपणे वाढत असेल तर चार्जिंगकडे वळा: सैल पट्टा, झिजलेले ब्रश, म्हातारी बॅटरी.

काचेसाठी एक सोपी परीक्षा आहे. भिंतीवरच्या उजेडाकडे बघत काचेवर पाणी ओता. काच ओली असताना उजेडाची कड स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा विस्कटली, तर काचेचा वरचा थर खडबडीत झाला आहे. पाणी ते खड्डे तात्पुरते भरून काढतं, म्हणून फरक पडतो.

आणि एक खूण अशी, की ती दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. डिपर लावल्यावर त्या बाजूचा बल्ब लालसर-मंद पेटतो, डिपर आणि अप्पर अशी दोन्ही फिलामेंट अर्धवट तापलेली दिसतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मिणमिणतो. ही अर्थिंग तुटल्याची खूण. करंटला मायनसकडे जायची सरळ वाट मिळत नाही. मग तो डिपरच्या फिलामेंटमधून उलटा अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि तिथून निळ्या दिव्यातून किंवा पलीकडच्या बल्बातून मायनस शोधतो. काही गाड्यांत पार्किंग लाइट आणि इंडिकेटरचं अर्थिंगही त्याच बोल्टवर असतं. तिथे इंडिकेटर दिल्यावर हेडलाइटही त्याच तालात कमी-जास्त होतो.

मीटर लावताना होणारी चूक

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. पहिलं माप बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. इंजिन बंद, गाडी काही तास उभी असेल तर चांगली बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते. इंजिन चालू, हेडलाइट चालू असताना १३.८ ते १४.५ यावं. १३.३ च्या खाली राहत असेल तर आधी चार्जिंग दुरुस्त करा, पुढचं वायरिंग तपासून उपयोग नाही. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तेव्हा तक्रार मंद उजेडाची नसून बल्ब वरचेवर उडतात ही असते. व्होल्टेज ५ टक्के वाढलं तरी बल्बाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो आणि व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका, दहा मिनिटं नजर ठेवा.

दुसरं माप बल्बावर, आणि चूक इथेच होते. कपलर (बल्बाच्या मागे बसणारा वायरींचा होल्डर) काढून, मोकळ्या पिनांवर मीटर लावलं की १२.६ किंवा १४ आकडा येतो आणि "सप्लाय तर बरोबर आहे" असा निष्कर्ष निघतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मोकळ्या टोकावर पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण करंटच वाहत नसतो. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो. तोटी उघडल्यावरच कळतं आत किती गाळ बसलाय.

म्हणून कपलर बल्बाला जोडलेलाच ठेवा, हेडलाइट पेटलेला ठेवा आणि कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने, बारीक टाचणी आत सरकवून तिच्यावर मीटरचं टोक टेकवा. एच-४ ची तीन पाती उलट्या यूच्या आकारात असतात. वरचं आडवं पातं डिपरचं. बाजूच्या दोन उभ्या पात्यांपैकी एक अप्परचं, दुसरं कॉमन. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. चालू इंजिनचा पंखा आणि पट्टा हाताजवळच असतो, तेव्हा मीटरच्या वायरी आणि शर्टाची बाही सांभाळा.

समजा बॅटरीवर १४.१ आणि बल्बाच्या डिपर-कॉमन पात्यांमध्ये १२.२ आले. १.९ व्होल्ट वाटेत गळाले. अर्धा व्होल्टपर्यंत चालतं. एक व्होल्टच्या पुढे डोळ्यांना फरक कळतो. आता गळती प्लसच्या वाटेत आहे की मायनसच्या, एवढंच शोधायचं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं बल्बाच्या कॉमन पात्यावर, हेडलाइट चालूच. ०.१ ते ०.२ व्होल्ट आले तर अर्थिंग ठीक. ०.५ आले तर दोष सापडला. पूर्ण १२-१३ व्होल्ट आले तर घाबरू नका: जपानी बनावटीच्या काही गाड्यांत कॉमन पात्याला कायम प्लस असतो आणि स्विच मायनसची वाट उघडतो-मिटतो. अशा गाडीत प्लस आणि मायनसची मापं उलट बाजूंनी घ्यायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावताना तिचा पुन्हा संबंध येतो.

मायनस: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

खात्री करायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची हातभर वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं मंद बल्बाच्या कॉमन पात्याला टेकवा. (कॉमनला प्लस असलेल्या गाडीत हे करू नका, थेट शॉर्ट होईल.) टेकवताक्षणी उजेड फटकन वाढला तर नव्या बल्बाचे पैसे वाचले.

हेडलाइटचं अर्थिंग बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या चौकटीवर किंवा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, एका छोट्या बोल्टखाली असतं. बहुधा १० नंबरचा पाना लागतो. बॅटरीची मायनस आधी सोडवा. बोल्ट काढा आणि लगखालचा (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याखालचा) पत्रा बघा. अपघातानंतर पुढचा भाग रंगवलेल्या गाडीत लग रंगावरच कसलेला सापडतो, आणि रंगातून वीज जात नाही. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात लगवर हिरवट-पांढरा कळंक चढलेला असतो. वायर वरून धडधाकट दिसते, पण इन्सुलेशन दोन बोटं मागे सोललं तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या असतात. अशी काळी तार साफ करून भागत नाही, लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

पत्रा १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. नवा लग क्रिम्प करा (वायरीवर दाबून बसवा), खाली दातेरी वॉशर टाका, बोल्ट घट्ट कसा. कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा म्हणजे पावसाळ्यात पाणी शिरणार नाही. नुसतं लगला पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तजवीज.

प्लसची वाट लांब असते

मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर रोवा आणि दुसरं एकेक टप्पा पुढे नेत जा: फ्यूजची आधीची बाजू, फ्यूजची नंतरची बाजू (ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर मीटर टेकवायला दोन उघडे ठिपके असतात), रिले असेल तर त्याची ३० नंबरची पिन (इथे करंट येतो), मग ८७ (इथून बाहेर पडतो), मग कॉम्बिनेशन स्विचचा कपलर, शेवटी बल्बाचं पातं. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, गळती तिथे. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त जात नाही.

उडी तीन जागी सापडते. फ्यूजचे पाय तपकिरी झाले असतील तर फ्यूज बदलून काही होत नाही, त्याची पकड सैल झाली आहे आणि ती पिन बदलावी लागते. बल्बाचा होल्डर वितळला असेल तर सिरॅमिक होल्डर घ्या, पण त्याच्या शेपटाच्या वायरी हाताने चाचपून घ्या. बाजारात केसासारख्या बारीक वायरींचे सिरॅमिक होल्डर सर्रास मिळतात, ते लावणं म्हणजे नवी गळती विकत घेणं. तिसरी जागा कॉम्बिनेशन स्विच. ज्या गाड्यांत हेडलाइटला रिले नाही, तिथे दोन्ही बल्बांचा सगळा करंट या स्विचच्या छोट्या पॉइंटवरून जातो. पॉइंट जळतात, स्टिअरिंगजवळ प्लास्टिक तापल्याचा वास येतो, दांडी किंचित हलवली की उजेड बदलतो.

कधी कधी एकाही जागी मोठी उडी नसते, सगळीकडे थोडं-थोडं जातं. तिथे वायरच बारीक आहे. दोन बल्बांचा मिळून सुमारे १० अँपिअर करंट ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून बॅटरी ते डॅशबोर्ड ते हेडलाइट असा ५ मीटर फिरला, तर नुसत्या तांब्यात १.१ व्होल्टच्या आसपास जातात. २.५ ची वायर बॅटरीपासून थेट २ मीटर नेली तर हाच आकडा ०.१४ वर येतो. रिले लावण्याचा सगळा फायदा या हिशेबात आहे.

रिले लावायचे तर असे

दोन रिले, १२ व्होल्ट ३०/४० अँपिअर: एक डिपरचा, एक अप्परचा. बॅटरीच्या प्लसवरून २.५ ची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. डिपरला १५ अँपिअर, अप्परला २०. फ्यूज लांब ठेवला तर त्याच्या आधीची वायर घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं कुणी नसतं. फ्यूजपासून रिलेच्या ३० वर, ८७ वरून दोन्ही बल्बांच्या पात्यांना. जुन्या कपलरची डिपरची वायर आता फक्त रिलेच्या ८६ ला जाते आणि ८५ बॉडीला अर्थ (८५ आणि ८६ ही रिले ओढणाऱ्या कॉइलची दोन टोकं). अप्परचंही तसंच. जुन्या वायरीतून मग जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपिअर वाहतात आणि स्विचचं आयुष्य वाढतं.

कॉमनला प्लस असलेल्या गाडीत ८५ बॉडीला जोडलं तर रिले ओढणारच नाही. तिथे रिलेची कॉइल जुन्या कपलरच्या कॉमन आणि डिपर या दोन पात्यांमध्ये जोडा. साध्या कॉइलला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं. आत डायोड असलेला रिले मात्र दिशा बघूनच जोडावा लागतो, ८६ ला प्लस.

प्रत्येक बल्बाला २.५ ची स्वतंत्र काळी वायर देऊन बॉडीवर घासलेल्या जागी अर्थ करा. बॅटरीच्या मायनसवर सेन्सरची डबी असेल तर अर्थ थेट त्या टोकावर घेऊ नका, बॉडीवरच घ्या, नाहीतर चार्जिंगचा हिशेब चुकतो. वायरी पन्हळी पाइपात घाला, रिलेची तोंडं खाली ठेवा म्हणजे पाणी आत साचणार नाही. जुना हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठेही कापू नका. कपलरला कपलर लागणारा तयार सेट मिळतो. बल्ब उडाल्याची सूचना देणारी नवी गाडी असेल तर रिलेच्या भानगडीत पडू नका, मूळ जोडच दुरुस्त करा.

व्होल्ट पुरेसे, तरी उजेड नाही

बल्बावर १३ च्या वर व्होल्ट असतील तर बल्ब काढून बघा. काच आतून करडी किंवा चंदेरी दिसली तर बदला, आणि जोडीने बदला. निळ्या लेपाचे "सुपर व्हाइट" बल्ब टाळा. तो लेप पिवळा भाग अडवतो, म्हणजे उजेडच अडवतो. नवा बल्ब बसवताना हात काचेला लावू नका आणि तीन कानांपैकी रुंद कान वर येईल असा बसवा. तो तिरका बसला तर उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि दिवा "मंद" वाटतो.

काच पॉलिकार्बोनेटची असते. उन्हाने तिचा वरचा संरक्षक लेप पिवळा पडतो. टूथपेस्टने घासून चमक येते, पण लेप उरलेला नसतो, त्यामुळे काही आठवड्यांत पिवळेपणा परत. नीट करायचं तर भोवतीच्या रंगाला टेप लावा, ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून आडवा घासा. सुरुवातीला पिवळसर पाणी उतरतं. ते दुधासारखं पांढरं आलं म्हणजे जुना लेप निघाला. मग १०००, १५००, २००० आणि ३०००, प्रत्येक वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मग पॉलिशचं कंपाउंड. शेवटी यूव्ही रोखणारा क्लिअर लेप हवाच. दोन भागांचा स्प्रे मारणार असाल तर योग्य मास्क लावून, मोकळ्या हवेत. ज्या जुन्या गाड्यांना खरी काच आहे, त्यांना यातलं काही लागत नाही.

रिफ्लेक्टर समोरून टॉर्च मारून बघा. बल्बाच्या वर तपकिरी डाग असेल तर जास्त वॅटच्या बल्बाने तो भाजला आहे. मागची रबरी टोपी हरवलेली असेल तर आत धूळ आणि बाष्प जाऊन चमक गेलेली असते. कापडाने पुसायचा मोह आवरा, अॅल्युमिनियमचा तो पातळ थर बोटाच्या घासण्यानेही निघतो. क्रोम करून घेण्याचा सल्ला मिळतो, पण क्रोम अॅल्युमिनियमपेक्षा बराच कमी उजेड परतवतो. हेडलाइटची अख्खी असेंब्ली बदलणं हाच उपाय. पावसाळ्यात काचेवर आतून आलेलं हलकं धुकं दिवा तापल्यावर गेलं तर काळजी नाही, तळाशी पाणी साचलं तर सील गेलं आहे.

एलईडीचे बदली बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालून प्रश्न सुटत नाही. चिपची जागा फिलामेंटच्या जागेशी तंतोतंत जुळली नाही की डिपरची कड फाटते. गाडीपुढचा डांबराचा तुकडा लख्ख, लांबचा रस्ता अंधारात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपलेले. आंबोलीच्या धुक्यात तर पांढरी भिंतच समोर उभी राहते. समोरच्याला दिपवणारा उजेड केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही बसत नाही.

सगळं झाल्यावर रोख तपासा. टायरमध्ये हवा बरोबर, हेडलाइटची उंची बदलणारा लेव्हलचा डायल ० वर, चालकाच्या सीटवर माणूस. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर डिपरची आडवी कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी (दिव्याच्या लेबलवर १ ऐवजी दुसरी टक्केवारी असेल तर त्या हिशेबाने) आणि डावीकडे ती वर चढलेली असावी.

मग फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून मार्करने चार आकडे लिहून ठेवा: तारीख, बॅटरीवरचे व्होल्ट, डाव्या बल्बावरचे, उजव्या बल्बावरचे. पुढच्या वेळी उजेड कमी वाटला की आधी हे झाकण उघडायचं.